आभाळाची वजाबाकी

“दुर्बिणीतून काय काय पाहिलंत?” असं मला आयुष्यभर विचारलं गेलं आणि दर वेळी माझी पंचाईत झाली. दुर्बिणीला मी डोळा लावला तो हौसेपुरता. माझी नोकरी एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर होती. तिथे बिनखिडकीच्या, गारठलेल्या खोलीत कॉम्प्युटर होता, आणि अतिशय अंधूक दिसणाऱ्या तारका-दीर्घिकांचे वर्णपट तपासण्याचे प्रोग्रॅम मी लिहीत असे. उन्हाळ्यात गावाकडचं कुणी भेटायला आलं की त्या खोलीतल्या गारव्याचंच कौतुक करून जाई. संपादकबाईंनी ‘तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा’ अशी गळ घातली. गमती होत्या, नाही असं नाही. पण आठवायला बसले की आमच्या गावामागची टेकडीच पुढे येते, आणि तिच्यात गंमत फारशी नाही.

आधी धंदा सांगते. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की त्याचा रंगांचा पट्टा होतो. त्या पट्ट्यात ठरावीक जागी रेषा असतात. त्या रेषांवरून तो तारा कशाचा बनला आहे आणि किती वेगाने पळतो आहे ते कळतं. सत्तरच्या दशकात हा पट्टा आमच्याकडे काचेच्या फोटोप्लेटवर उतरत असे. उजेड जास्त तिथे प्लेट जास्त काळी; ती किती काळी झाली ते एक यंत्र टिपायचं, त्याचे आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवर चढायचे, आणि कार्डांचा गठ्ठा माझ्याकडे यायचा. माझा एक प्रोग्रॅम काळेपणाचा उजेड करून द्यायचा. दुसरा प्लेटवरचे ओरखडे आणि धूळ काढायचा, त्याला आम्ही ‘झाडू’ म्हणत असू. सगळ्यात महत्त्वाचा प्रोग्रॅम ‘वजाबाकी’. आभाळ काळं असतं असं लोकांना वाटतं, पण ते काळं नसतं. त्याला स्वतःचा मिणमिणता उजेड असतो, आणि वस्तू अंधूक असली की प्लेटवर तिच्यापेक्षा आभाळच जास्त उतरतं. म्हणून शेजारच्या रिकाम्या आभाळाचा उजेड मोजायचा, तो वजा करायचा, आणि उरेल ते आपलं.

आमच्याकडे जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची गाडी काट्यावर घेतात. आधी भरलेली, मग रिकामी. दोन्हींतला फरक म्हणजे कापूस. आमच्या धंद्यात गाडी भलीमोठी आणि कापूस ओंजळभर. काटा जरा थरथरला तरी ती ओंजळ त्या थरथरण्यात हरवून जाते.

हे न पटणारी गिऱ्हाइकं भरपूर. एक विद्वान गृहस्थ आपली प्लेट घेऊन आले. त्यांना तिच्यात एक रेष हवी होती. वर्णपट जरा गुळगुळीत करून दिला तर म्हणाले, “अजून थोडा घासा ना.” परत घासला, परत आले. शेवटी मी निव्वळ रिकाम्या आभाळाची प्लेट तितकीच घासून त्यांच्यापुढे ठेवली. तिच्यातही त्यांना हवी तिथे रेष दिसत होती. गृहस्थांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं, आणि संस्थेत माझं नाव झालं: बाईंकडे गेलात तर आहे तेच मिळेल. हे सगळे कौतुकानेच म्हणत असं काही नव्हतं.

आमचे साहेब बापट सर. स्वभावाने सोवळे, पण नीतीने सरळ. त्यांच्या डोक्यात एकच वेड होतं. दुसऱ्यांच्या दुर्बिणीवर चार रात्री मिळाव्यात म्हणून हात पसरायचे नाहीत, निवांत काळोखात आपलं स्वतःचं छोटं केंद्र उभारायचं. भेटेल त्याला ते विचारत, “तुमच्याकडे अंधार कसा आहे?” मलाही विचारलं. मी म्हटलं, “आमच्याकडे अंधाराला तोटा नाही, सर.”

आमचं गाव मंगरूळपीरहून इंझोरीकडे जाताना लागतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. वाशिम जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही अकोला जिल्ह्यात मोडायचो. गावाच्या पुढे ओढा, ओढ्याच्या पलीकडे आमची बौद्ध वस्ती, आणि वस्तीच्या मागे ती बोडकी टेकडी. गावात वीज आलेली होती. ओढा ओलांडायला मात्र तिला काही जमलं नव्हतं. सर येऊन टेकडी पाहून गेले आणि इतके खूश झाले की वस्तीत गुळाचा चहा मागून प्यायले. वर एक तात्पुरती छोटी दुर्बीण, एक पत्र्याची खोली, असं चाचणीपुरतं केंद्र सुरू झालं. आभाळ पसंत पडलं तर कायमचं केंद्र होणार होतं.

दुर्बीण फिरवायच्या मोटारीला आणि प्लेटा ठेवायच्या फ्रिजला वीज लागत होती. म्हणून गावातून टेकडीपर्यंत लाइन ओढायची ठरली, आणि ती आमच्या वस्तीवरूनच जाणार होती. इथे सरांनी एक काम केलं त्याबद्दल मी अजून त्यांचे उपकार मानते. वस्तीच्या डोक्यावरून वीज जाईल आणि खाली काळोख, हे बरं दिसत नाही, असं त्यांनी आपणहून वरती लिहिलं. वस्तीच्या मधोमध, विहाराच्या जागेशी, एका खांबावर ट्यूबलाइट बसली. खांबावरचा खटका लावायचं आणि बंद करायचं काम घरांनी आळीपाळीने वाटून घेतलं.

माझ्या वडिलांना रातांधळेपण होतं. दिवसा डोळे ठणठणीत. सडकेच्या गँगमध्ये खडी फोडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पण सूर्य कलला की ते घाईने घर गाठायचे, आणि मावळला की त्यांच्यापुरती दुनिया मिटायची. वस्तीतल्या बैठका, भजनं, भांडणं, सगळं संध्याकाळनंतरच व्हायचं, आणि बाबा ते भिंतीपलीकडून ऐकायचे. माणूस मोठा बोलका. ट्यूब लागली त्या आठवड्यात मी गावी होते. धाकट्या भावाने त्यांना हाताला धरून खांबाखाली नेलं. ते बराच वेळ तोंडं पाहत बसले, मग शेजारच्या वच्छलामावशीला म्हणाले, “वच्छले, तुये केस कवा पांढरे झाले वं?”

मावशी म्हणाली, “दिवसा पाह्यत नाई का तुमी मले?”

“दिवसा तू कामावर, मी कामावर. कोन कोनाले पाह्यते?”

तेव्हापासून ती खांबाखालची जागा बाबांची झाली. त्यांच्या गप्पांना श्रोते मिळाले आणि घरात भावजयीला जरा उसंत मिळाली.

पहिले काही महिने प्लेटा सुरेख आल्या. मग हळूहळू आभाळाच्या पट्ट्यात दोन रेषा वर येऊ लागल्या, एक हिरवी आणि एक निळी. त्या पाऱ्याच्या असतात. आभाळात पारा नसतो, तो दिव्यांत असतो. मंगरूळपीरला त्या सुमारास बाजारच्या रस्त्याला आणि जिनिंगांच्या आवारांत पाऱ्याचे मोठे दिवे लागले होते, आणि रोज नव्याने लागत होते. दर्ग्याच्या उरुसातली प्लेट तर मी तारीख न वाचता ओळखायला लागले. पोहरादेवीच्या यात्रेतल्या गॅसबत्त्यांची मात्र माझ्या रेषांनी कधी दखल घेतली नाही.

रेषांची बातमी वर गेली आणि पाहणीला समिती आली. आली ती दुपारी. टेकडीवर उभं राहून त्यांनी खाली पाहिलं तर पायाशीच आमचा खांब. ट्यूबमध्येही पाराच असतो, हे त्यांच्यातल्या एकाला माहीत होतं. झालं, निकाल लागला. मंगरूळपीर शहर क्षितिजापलीकडे होतं, दिसत नव्हतं. दिवा दिसत होता आणि त्याच्या मालकांना सांगणं सोपं होतं.

सांगायला सरपंच वस्तीत आले. गावातले बडे शेतकरी, माणूस तसा वाईट नव्हता. खांबाखालीच बैठक बसली. मी सरांबरोबर होते आणि कुठे बसावं हे मला कळत नव्हतं. शेवटी बाबांच्या शेजारी बसले.

सरपंच म्हणाले, “हे पाहा, मोठं केंद्र झालं त गावाचं भलं हाय. सडक होईन, पोरायले काम भेटन. एक दिवा बंद ठेवाचा, इतकंच त म्हननं हाय त्याइचं.”

वच्छलामावशी म्हणाली, “गावातले दिवे बी बंद ठेवता का?”

“गावातले कायले? गाव दूर हाय.”

“ओढ्याच्या अल्याड-पल्याड. लय दूर हाय बाप्पा.”

काही लोक हसले, सर हसले नाहीत. त्यांच्याच पत्राने आलेला दिवा बंद करा म्हणायला ते आले होते. शेवटी बाबाच बोलले. त्यांनी मला सगळ्यांदेखत विचारलं, “बाई, तुया मशिनीले समजते का, कोनत्या दिव्याचा उजेड हाय थो?”

मी म्हटलं, “समजेल. आपला दिवा काही दिवस बंद ठेवून प्लेटा घेतल्या तर समजेल.”

“मंग ठेवू बंद. पुरी अमावस जाऊ द्या. मी बसतो घरात, मले सवय हाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पन जे निंगन ते खरं सांगजो. आमच्या बाजूनं नोको, याइच्या बाजूनं बी नोको.”

मी हो म्हटलं. त्या वेळी ते मला अगदी सोपं वाटलं होतं.

वस्तीने शब्द पाळला. ठरलेल्या दिवसांत खटक्याला कुणी हात लावला नाही. शहराचे दिवे बंद ठेवायला सांगण्याची आमची ताकद नव्हती, पण ते काम वीज जाण्याने फुकटात केलं. मंगरूळपीरची लाइन वेगळी होती. ती वरचेवर जायची, आणि तेव्हा टेकडीवर वीज असली की लगेच प्लेट लावायची असं आम्ही सांगून ठेवलं. शहरातली माणसं अंधारात शिव्या घालत असणार आणि आमच्या टेकडीवर आनंद.

सगळ्या प्लेटांचे आकडे मी एकाच पद्धतीने तपासले. वस्तीचा दिवा चालू असताना आणि बंद असताना रेषांत काही फरक दिसला नाही. शहराची वीज गेलेली असताना मात्र दोन्ही रेषा जवळजवळ मिटल्या होत्या. खोलीत मी एकटीच होते. पहिल्यांदा मला नुसता आनंद झाला. आपला दिवा निर्दोष होता. कागद घेऊन जिना चढायला लागले आणि अर्ध्या वाटेत दुसरी बाजू ध्यानात आली. दोष दिव्याचा असता तर तो विझवता आला असता आणि केंद्र वाचलं असतं. दोष शहराचा होता, आणि शहर कोण विझवणार?

सरांनी कागद पाहिले. त्यांनाही दोन्ही बाजू एकदमच दिसल्या असाव्यात. ते म्हणाले, “वजाबाकी आहे ना आपली? पाऱ्याच्या रेषा ठरलेल्या जागी येतात. तेवढ्या काढून टाका.”

त्यानंतरचे कित्येक महिने मी त्या एकाच प्रोग्रॅमवर घालवले. माझ्या नोकरीतलं सगळ्यात कसून केलेलं काम ते, आणि ते कुठेही वापरलं गेलं नाही. पाऱ्याच्या रेषेचा आकार कसा असतो, ती प्लेटच्या वरच्या आणि खालच्या कडेला किती सरकते, हे सगळं त्यात होतं. तेजस्वी ताऱ्यांच्या प्लेटा त्याने धुतल्यासारख्या स्वच्छ करून दिल्या. सरांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. मग आम्ही अंधूक दीर्घिका घेतल्या, ज्यांच्यासाठी केंद्र हवं होतं. रेषा गेल्या, आणि त्यांच्या जागी नुसता खडबडीतपणा उरला. दिव्याचा उजेड वजा होतो. पण उजेड जितका जास्त तितका काटा जास्त थरथरतो, आणि ती थरथर वजा करण्याचा प्रोग्रॅम कुणालाच लिहिता येत नाही. मला येत नव्हता आणि माझ्यानंतर आलेल्या हुशार मुलांनाही आलेला नाही. ओंजळभर कापूस गेला तो गेलाच.

समितीची बैठक संस्थेतच झाली. मी आकडे मांडले. एक सभासद फार समजूतदारपणे म्हणाले, “बाई, तुमचं बरोबर असेल. पण आपण असं लिहूया का, की स्थानिक दिव्यांचा अडथळा आढळला आणि तो दूर केला आहे? म्हणजे मंजुरीला हरकत राहणार नाही. शहराचं पुढे पाहता येईल.”

स्थानिक दिवे म्हणजे बाबांची ट्यूब. ती गेली की सरांचं केंद्र होणार, गावाला सडक मिळणार, मला स्वतःला घराजवळ काम मिळणार, आणि दोनचार वर्षांनी शहराच्या उजेडाने आभाळ निकामी झालं की तेव्हाचं तेव्हा बघू म्हणणार. मी त्या गृहस्थांकडे न पाहता सरांकडे पाहिलं. त्यांनी होकार दिला असता तर मी काय केलं असतं हे मला खरंच माहीत नाही. सर समोरच्या कागदाची कड सरळ करत होते. मग म्हणाले, “वस्तीच्या दिव्याचा आकडा काय आला म्हणालात?”

मी म्हटलं, “शून्य, सर. मोजण्याच्या चुकीपेक्षा कमी.”

“मग तसंच लिहावं लागेल,” सर म्हणाले.

टेकडी नापसंत झाली. सरांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त दर थोड्या आठवड्यांनी ते तळमजल्यावर यायचे, कार्डं पाहिल्यासारखं करायचे आणि विचारायचे, “ती थरथर कमी करता येईल असं काही सुचलं का हो?” सरांना उत्तर माझ्याइतकंच माहीत होतं. मी “नाही सर” म्हणायचे आणि ते जायचे. निवृत्त होईपर्यंत असं चाललं. पुढे त्यांना भेटायला गेले तर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. खिडकीसमोर रस्त्याचा दिवा होता. 

वस्तीला मात्र मी खूश होऊन पत्राने कळवलं होतं. बाबांनी सांगितल्याप्रमाणे खरं सांगितलं, आपल्या दिव्यावर ठपका आला नाही, तो आता कुणी बंद करायला सांगणार नाही. माझ्या भावाने ते खांबाखाली सगळ्यांना वाचून दाखवलं म्हणे, आणि वच्छलामावशीने सरपंचांच्या घरी जाऊन मुद्दाम ऐकवलं.

वर्ष उलटायच्या आत टेकडीवरची दुर्बीण उतरवली, पत्र्याची खोली मोडली. मग वीजवाले आले. त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. लाइन टेकडीसाठी मंजूर झाली होती. टेकडीवर आता काही नाही, म्हणजे लाइनही नाही. मधला एक दिवा कोणत्याच मंजुरीत बसत नव्हता. वस्तीतल्या लोकांनी हातापाया पडून पाहिलं, सरपंचांनीही, खरं सांगायचं तर, मनापासून शब्द टाकला. माणसं दोन दिवस राबली आणि टेकडीपासून ओढ्यापर्यंतच्या तारा गुंडाळून घेऊन गेली. ट्यूब आणि पट्टी काढली. हे सगळं त्यांनी तेवढ्याच नीटपणे केलं, जेवढ्या नीटपणे बसवलं होतं.

मी गावी गेले तेव्हा दिवस कलता होता. बाबा त्या बोडक्या खांबाशी पाठ टेकून बसले होते, एकटेच. अजून त्यांना दिसत होतं. मला पाहून सरकले आणि जागा करून दिली. प्रवासाची, नोकरीची विचारपूस झाली. मग म्हणाले, “बाई, तू तठी खरं सांगतलं ना?”

“सांगितलं, बाबा.”

“आपल्या दिव्याचा कसूर नाई म्हून?”

“हो. सगळ्यांसमोर सांगितलं. लिहूनही दिलं.”

“त्याइनं मानलं?”

“मानलं.”

 बाबा माझ्यावर रागावले नव्हते, त्यांना नुसतं समजून घ्यायचं होतं. हिशोब कुठे चुकला हे ते शोधत होते, मी माझ्या प्रोग्रॅममध्ये शोधायची तसं. मग त्यांनी विचारलं, “मंग नेला काहून?”

मला कारण ठाऊक होतं. लाइन, मंजुरी, टेकडी, शहर, सगळं एकामागून एक सांगता आलं असतं, आणि त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती.  गावात, ओढ्याच्या पलीकडे, दिवे लागायला लागले होते. बाबांनी तिकडे तोंड वळवलं, डोळे बारीक केले, आणि मग माझा हात चाचपला.

“चाल,” ते म्हणाले. “आता मले घरी ने.”